पाणी सगळ्यात शेवटी

बीएफए झाल्यावर मी कलाशिक्षण पदविकेला, म्हणजे डिप. ए. एड.ला प्रवेश घेतला, तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, इतकी वर्षं चित्रंच काढत होतीस ना? आता आणखी काय शिकायचं राहिलंय?" आत्याकडेच राहते, त्यामुळे हा प्रश्न अधूनमधून पोळीबरोबर ताटात येतो. फेब्रुवारीतल्या या आठवड्यानं त्याची बरीच उत्तरं दिली. सकाळी महापालिकेच्या शाळेत सरावपाठ, दुपारी कॉलेजात तासिका, संध्याकाळी काळा घोडा महोत्सव आणि रात्री डोंबिवलीला पोचल्यावर दुसऱ्या दिवसाचं पाठ टाचण. ओढणीला रंग, नखांत गेरू, झोपेचा पत्ता नाही. इतक्या मजेत मी आजवर दमलेली नाही. हाताला जे लागलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते आहे. पुढच्या वर्षी या कोर्सला येणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

१. पाणी सगळ्यात शेवटी द्यायचं.

हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. पस्तीस मिनिटांची तासिका, चाळीसच्या वर मुलं, चिकटून लावलेली बाकं आणि त्यात जलरंग. पाठ टाचणात 'साहित्य वाटप' असे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो. वर्गात मात्र त्या दोन शब्दांतच पाठ तरतो नाहीतर बुडतो. आधी कागद द्यायचा आणि मागच्या बाजूला नाव-इयत्ता लिहून घ्यायची. मग पेन्सिलीनं काय काढायचं ते काढून होऊ द्यायचं. मग ब्रश, मग रंग. श्रीखंडाच्या डब्यातलं पाणी सर्वांत शेवटी, तेही अर्धाच डबा. पाणी समोर आलं की मूल आधी ब्रश बुडवतं आणि मग काय काढायचं याचा विचार करू लागतं. तोवर शेजारच्याचा कागद भिजलेला असतो.

पाणी वाटायचं काम वर्गातल्या सगळ्यात वांड दोघांकडे द्यावं, हा सल्ला शाळेतल्या जुन्या चित्रकला शिक्षकांचा. त्यांनी मला तो चहा पिता पिता दिला आणि मी तो वेदवाक्य मानला. खरोखरच, ज्याला एका जागी बसवत नाही त्या मुलाला डबे घेऊन फिरायचा परवाना मिळाला की तो इतका जबाबदार होतो की दुसऱ्यांना रागवायला लागतो. दर बाकाला एक फडकं हवं, आणि शेवटची सात-आठ मिनिटं आवराआवरीला राखायची. पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या आणि फरशीवर निळं तळं, हा देखावा ज्यांच्या नशिबी येतो त्यांना पुढच्या वेळी रंग वापरायची परवानगी मिळत नाही.

२. मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही.

हे सगळ्यात अवघड. हात शिवशिवतात. चार वर्षं आपल्याला रेघ सुधारायलाच शिकवलेलं असतं.

तिसरीच्या वर्गात 'आमचा खेळ' असा विषय दिला होता. एका मुलानं कॅरम काढला. बोर्ड अगदी वरून पाहिल्यासारखा, चौकोनी, चारही भोकं जागेवर, मधली राणी लाल. आणि खेळणारी चार माणसं चारी बाजूंना आडवी पडलेली, पाय बाहेर, डोकी बोर्डाकडे. मी विचारलं, "हे झोपलेत का रे?" त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाला, "झोपले कुठे बाई, बसलेत." आणि त्यानं कागद फिरवला. एक माणूस सरळ झाला. पुन्हा फिरवला, दुसरा सरळ झाला. चार वेळा फिरवून चारही जण बसते करून दाखवले. बरोबरच होतं त्याचं. कॅरमभोवती बसलेला प्रत्येक जण स्वतःच्या बाजूनं सरळच बसलेला असतो.

व्हिक्टर लोवेनफेल्डनं हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. हा व्हिएन्नाचा माणूस, नाझींच्या काळात अमेरिकेला गेला, आणि १९४७ साली त्याचं 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' हे पुस्तक आलं. मूल वाढताना त्याचं चित्र कसकसं बदलतं याच्या पायऱ्या त्यानं मांडल्या : आधी रेघोट्या, मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं, मग सात ते नऊ या वयात सगळी दुनिया एका तळरेषेवर उभी करणं. याच वयात घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात आणि वस्तू चारी बाजूंना उलगडून पडतात. परीक्षेसाठी मी ही पायऱ्यांची यादी पाठ केली होती. कॅरम पाहिला तेव्हा ती यादी कुठून आली ते कळलं.

पण या वयाच्या तक्त्याला लोकलच्या वेळापत्रकासारखं धरून बसू नये, हे माझं मत. त्याच वर्गात एका मुलानं काढलेल्या चेहऱ्याचे डोळे असे होते की मी तिथंच थबकले. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ पापणीखाली किंचित दबलेलं. चौकशी केली तर त्याचे वडील लालबागला गणपतीच्या कारखान्यात काम करतात. डोळ्यांची आखणी तो बसून बघत असतो. त्याला लोवेनफेल्डच्या कुठल्या पायरीवर बसवायचं?

तर, कागदाला हात लावायचा नाही. रेघ दाखवायचीच असेल तर ती फळ्यावर किंवा आपल्या कागदावर दाखवावी. एकदा का आपण त्याच्या चित्रात एक नाक नीट करून दिलं, की वर्षभर "बाई, तुम्हीच काढून द्या ना" ऐकायची तयारी ठेवावी.

३. 'कशावरून?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

सातवीला चित्र बघायचा पाठ घेतला. चित्र काढायचा नाही, बघायचा. आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला चित्र बघत नाहीत, हा मला कायम पडलेला पेच आहे. गाण्याच्या क्लासला निदान गाणं ऐकवतात.

पद्धत अमेरिकेतून आलेली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी ती बसवली. शिक्षकाच्या वाट्याला तीनच प्रश्न : चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? बाकी बोलायचं ते मुलांनी. शिक्षकानं चूक-बरोबर करायचं नाही, माहिती द्यायची नाही, मुलं बोलतात तिकडे चित्रात नुसतं बोट दाखवायचं. वाचायला सोपं वाटतं. ज्याला चित्राबद्दल सगळं माहीत आहे त्यानं तोंड बंद ठेवून उभं राहणं ही काय शिक्षा आहे ते उभं राहिल्यावर कळतं.

मी राजा रविवर्म्याचं १८९३ सालचं 'देअर कम्स पापा' निवडलं आणि नाव झाकून ठेवलं. पांढरं वस्त्र नेसलेली केरळी बाई, कडेवर मूल, पायाशी कुत्रा. ती मुलाला चौकटीबाहेरचं काहीतरी दाखवते आहे.

पहिलं उत्तर, "ती चांदोबा दाखवतेय." कशावरून? "माझी आई माझ्या भावाला दाखवते." दुसऱ्या बाकावरून हरकत आली, "चांदोबा वर असतो. ती वर बघत नाहीये." मग भाजीवाला आला, मग रिक्षा आली, मग चोर आला. चोरावर वर्गात फूट पडली. तेव्हा आतापर्यंत एक शब्द न बोललेली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "चोर नाही. कुत्रा भुंकत नाहीये." कशावरून विचारायची गरजच उरली नाही, तिनंच पुढं सांगितलं : "येणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचा आहे. घरातलाच आहे."

मागे पाठ निरीक्षणाची वही घेऊन बसलेले सर लिहायचे थांबले होते.

शेवटी नाव उघड केलं. वर्गानं जिंकल्यासारखा ओरडा केला. एक मुलगा मात्र नाखूश होता. "मग बाबांना का नाही काढलं?" यावर मुलांचीच चर्चा सुरू झाली आणि घंटा झाली तरी ती संपली नाही. ती जिन्यातून खाली उतरताना ऐकू येत होती.

४. पाठ टाचण लिहावं, आणि वर्गात जाताना पिशवीत ठेवावं.

टाचणासाठी हर्बार्टच्या पायऱ्या आम्हाला पाठ आहेत. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, पुढं संकलन आणि उपयोजन. हेतुकथन म्हणजे "आज आपण वस्तुचित्र काढणार आहोत" असं सुस्पष्ट आवाजात जाहीर करणं. समोर टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि निळं कापड मांडलेलं असतं, त्यामुळे मुलांना तो हेतू आपल्याआधी कळलेला असतो. तरी म्हणावं, निरीक्षकांच्या वहीत त्याचा रकाना असतो.

टाचणातला एकच रकाना मी जीव लावून भरते, फळाकामाचा. मुलांकडे पाठ न करता, अंग तिरपं ठेवून, बोलता बोलता फळ्यावर काढणं ही वेगळीच विद्या आहे. खडू आडवा धरून एक फराटा मारला की तांब्याची अर्धी बाजू उजळते, टोकानं दोन रेघा दिल्या की कडा येते. आमच्या सरांचा फळा पुसायला जीव होत नाही. ते स्वतः मात्र निर्दयपणे पुसतात.

५. मैत्रिणीच्या पाठाला मागच्या बाकावर बसावं.

वरची वांगी माझी नव्हेत, माझ्या वर्गातल्या सांगलीच्या मैत्रिणीची. तिचा पाचवीला वस्तुचित्राचा पाठ होता आणि मी निरीक्षणाला. छायाप्रकाश शिकवताना ती विचारत होती, वांग्यावर सगळ्यात उजळ जागा कुठली? मुलं बोटं दाखवत होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी जवळ गेली, नाक लावून बघितलं आणि किंचाळली, "बाई, वांग्यात खिडकी आहे!"

होतीच. तुळतुळीत जांभळ्या सालीवर वर्गातली खिडकी, गजांसकट, वाकडी होऊन बसली होती. आम्ही कॉलेजात 'हायलाइट' म्हणून पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायला शिकलो, तो ठिपका म्हणजे खोलीतली खिडकी असते हे आम्हाला कुणी असं दाखवलं नव्हतं. मग सगळा वर्ग रांगेनं वांग्यात खिडकी बघायला आला. पाठाचं वेळापत्रक कोलमडलं. मैत्रिणीनं ते कोलमडू दिलं, म्हणून ती चांगली शिक्षिका होणार असं मी तेव्हाच म्हटलं. रात्री तिच्या होस्टेलवर त्या वस्तुचित्राचं भरीत झालं.

६. वारली म्हणजे त्रिकोणी माणसं नव्हेत.

आठवड्याच्या मध्यावर कॉलेजात वारलीची कार्यशाळा झाली. डहाणूहून एक चित्रकार काका आले होते. शाळाशाळांतून वारलीचं जे काय झालंय ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे : दोन त्रिकोण जोडा, गोल डोकं द्या, कुंडीभोवती फेर धरायला लावा, झाली वारली. आवाराच्या भिंतीवर, कुर्तीवर, फ्लॉवरपॉटवर, सगळीकडे तोच फेर.

काकांनी आधी कापडाला गेरू लावायला लावला. मग तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं आणि बांबूची काडी टोकाला चेचून तिचा ब्रश केला. तोवर बोलत होते. मूळ चित्रं लग्नातली. सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर चौक लिहीत, मधोमध पालघाट देवी. त्याशिवाय लग्न लागत नसे. बायकांची ही कला पुरुषाच्या हातून कागदावर येऊन जगभर गेली ती १९७० च्या दशकात, जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. ही माहिती आम्हाला होती. नव्हतं माहीत ते पुढचं.

तारपानाच काढताना काकांनी पहिल्यांदा तारपा वाजवणारा काढला. मग त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग सोडली, ती वळत वळत शंखासारखी बाहेर गेली. आमच्यातल्या बहुतेकांनी बंद गोल काढून त्यात माणसं भरली होती. काका म्हणाले, "गोल मिटवला तर नवा माणूस नाचायला येणार कुठून?" आणि त्यांच्या एकाही माणसाचे दोन त्रिकोण सरळ रेषेत नव्हते. कंबरेच्या एका टिंबावर वरचा त्रिकोण कलला की माणूस वाकतो, खालचा कलला की पाऊल उचललं जातं. सगळा नाच त्या टिंबात.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गावर मी वारली शिकवायचं टाळलं. त्याऐवजी म्हटलं, तुमच्या गल्लीत लोक एकत्र कधी नाचतात? विसर्जन, गोविंदा, लग्नाची वरात, मोहरमची मिरवणूक, ख्रिसमसची रात्र, सगळं निघालं. मग नाचणारा माणूस कमीत कमी किती रेघांत काढता येईल ते शोधा म्हटलं. कुणी इंग्रजी एस काढला, कुणी नुसते हात. एका पोरानं ढोल मोठा आणि माणूस इवलासा काढला, कारण "ढोलच ऐकू येतो, माणूस कुठे दिसतो?" दुसऱ्यांच्या लग्नातली चित्रं मुलांकडून नकलून घेण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. यावर आमच्या वर्गात दोन तट आहेत आणि वाद अजून चालू आहे.

७. थिअरी लोकलमध्ये वाचावी.

उभं राहून, एका हातात कडी, एका हातात पुस्तक. अशा स्थितीत जे पान डोक्यात शिरतं ते चांगल्या लेखकाचं असतं. कलाशिक्षणावर लिहिणारा हर्बर्ट रीड शिरत नाही. देवी प्रसाद शिरतात.

शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले हे चित्रकार आणि कुंभार १९४४ साली आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीमच्या मुलांचे कलाशिक्षक झाले. सूतकताई, शेती, सफाई यांच्या बरोबरीनं चित्र. कला हा शिक्षणाचा एक विषय नसून पाया आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी मुलांच्या चित्रांवरून मांडलं आहे. मुंबईत आम्ही परदेशातले लोवेनफेल्ड आणि आयस्नर तोंडपाठ म्हणतो, आणि विदर्भात शिकवलेल्या या माणसाचं पुस्तक वाचनालयात कोरं करकरीत असतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे 'कला-एकात्मिक अध्यापन' हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. भूगोलाच्या तक्त्याला नक्षीची किनार काढून देणं म्हणजे कला-एकात्मिक नव्हे, एवढंच मला नम्रपणे सुचवायचं आहे.

८. तास मागायला कुणी आलं तर द्यावा, पण उसना.

दहावी जवळ आली की गणिताला तास कमी पडतात आणि सगळ्यांची नजर चित्रकलेवर जाते. शाळेतल्या त्या जुन्या सरांचं यावरचं तंत्र : हसून "घ्या की" म्हणायचं, खिशातून डायरी काढायची आणि त्यांच्यासमोर लिहायचं, तुमचा शनिवारचा तास माझा. डायरी पाहिली की अर्धे लोक परत जातात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना नावं ठेवणं आमच्यात फॅशनेबल आहे. मीही ठेवते. ठरलेले विषय, ठरलेली वेळ, संकल्पचित्रात ठरलेलं फूल. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक चित्रकलेच्या शिक्षकाला विचारतात तरी, हेही खरं. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभराच्या वर पट असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. अर्धवेळ. नोकरीबद्दल आत्यानं विचारलं की मी विषय बदलते तो यामुळे.

९. पालकांना वेगळा कागद द्यावा.

शनिवारी-रविवारी आम्ही काही जण काळा घोडा महोत्सवात मुलांच्या कार्यशाळेला मदतनीस होतो. १९९९ पासून भरणारा हा महोत्सव म्हणजे गर्दी, धूळ, सेल्फी आणि तरीही मजा. ज्या काळ्या घोड्यावरून भागाला नाव पडलं तो एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलला. आता २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला घोडा उभा आहे. मुलं विचारतात, "यावरचा माणूस कुठे गेला?" आम्ही सांगतो, तूच काढ. त्यातून पाठीवर आजी बसलेला घोडा, डिलिव्हरीवाला बसलेला घोडा आणि घोड्यावर बसलेला घोडा एवढं निघालं.

अडचण मुलांची नव्हती. मागे उभ्या असलेल्या आईबाबांची होती. "पाय बारीक काढ," "काळा घोडा आहे ना, मग हिरवा का?", आणि शेवटी "दे इकडे, मी दाखवतो." मूल खुर्चीवर आणि ब्रश बाबांच्या हातात, हा देखावा जागोजागी. समजावून उपयोग होईना, तेव्हा सांगलीच्या मैत्रिणीनं कागदांचा गठ्ठा उचलला आणि प्रत्येक पालकासमोर एक एक कोरा कागद ठेवला. "दादा, हा तुमचा. त्याचा त्याला राहू दे."

दहा मिनिटांत मांडवात शांतता. मोठी माणसं जमिनीवर मांडी घालून, जीभ बाहेर काढून घोडे रंगवत होती. दोन मुलं कंटाळून एकमेकांच्या पाठीला रंग लावू लागली. एका लहान मुलीचं चित्र कधीच पूर्ण झालं होतं आणि ती वडिलांच्या शर्टाची बाही ओढत होती, "बाबा, चला ना, भूक लागली." बाबा मान वर न करता म्हणाले, "थांब गं, शेपूट राहिलीय." मग आमच्याकडे वळून विचारलं, "मॅडम, पाणी बदलून मिळेल का?"